नवाहो पूल : उपयोग, सौंदर्य आणि ऋण

उपयोग संपलेल्या वस्तूचे काय करावयाचे, हा प्रश्न गृहस्थाच्या माळ्यापासून राष्ट्राच्या कारभारापर्यंत सर्वत्र सारखाच पुढे येतो. आजीचे जाते, वाड्याच्या विहिरीवरील रहाट, पणजोबांच्या हातची रोजकीर्द, ही टाकवत नाहीत आणि ठेवावयास जागाही नसते. बहुधा आपण दोहोंपैकी एक करतो : वस्तू मोडीत घालतो, किंवा पुसूनपासून दिवाणखान्यात शोभेसाठी मांडतो. पहिल्या प्रकारात वस्तूच जाते. दुसऱ्या प्रकारात वस्तू राहते, परंतु ती कशासाठी होती ही आठवण जाते. या दोहोंहून निराळा असा काही मार्ग आहे काय, याचा विचार करण्यास अमेरिकेच्या ॲरिझोना संस्थानातील नवाहो पूल हे फार चांगले निमित्त आहे. १९२९ साली मोटारींसाठी खुला झालेला हा पोलादी कमानीचा पूल १९९५ साली मोटारींना बंद झाला. तो पाडला मात्र गेला नाही. त्याच्या शेजारी त्याच घडणीचा नवा पूल उभारून जुना पूल पायी जाणाऱ्यांस मोकळा ठेवण्यात आला.

साहित्याच्या मासिकात पुलाचे परीक्षण कशाला, अशी शंका काही वाचकांस येईल. तिचे समाधान प्रथम केले पाहिजे. महाराष्ट्रात एकेकाळी ‘कलेसाठी कला’ आणि ‘जीवनासाठी कला’ हा वाद मोठ्या हिरिरीने लढला गेला, आणि ना. सी. फडके व वि. स. खांडेकर यांची नावे त्यातील दोन पक्षांशी कायमची निगडित झाली. तो वाद कथा-कादंबऱ्यांच्या क्षेत्रात झाला, आणि म्हणूनच तो कधी निकालात निघाला नाही, असे आम्हांस वाटते. कारण कादंबरीचा जीवनास उपयोग कोणता, याविषयीच एकमत होणे कठीण. पुलाचे तसे नाही. पूल कशासाठी आहे हे पोरासही सांगता येते. ज्याचा उपयोग असा निर्विवाद आहे, त्या वस्तूत सौंदर्य कोठून येते, आणि उपयोग काढून घेतल्यावर ते टिकते की नाही, हे पाहणे त्या जुन्या वादास अधिक नेमकी कसोटी लावण्यासारखे आहे.

प्रथम स्थळाचा परिचय. कोलोरॅडो नदी ग्रँड कॅन्यन या जगप्रसिद्ध दरीत शिरण्यापूर्वी एका अरुंद, ताशीव कड्यांच्या घळीतून वाहते. १८६९ साली या नदीच्या प्रवाहातून होड्यांनी प्रवास करणाऱ्या जॉन वेस्ली पॉवेल याने तिला ‘मार्बल कॅन्यन’ असे नाव दिले. वास्तविक तेथे संगमरवर नाही. पाण्याने घासून गुळगुळीत झालेल्या चुनखडीच्या खडकाची झळाळी पाहून त्याने ते नाव योजिले. या घळीच्या दोन्ही तीरांवर मैलोगणती ओसाड पठार. वरून चालत येणाऱ्यास कड्याच्या अगदी काठाशी येईपर्यंत पुढे नदी आहे याची कल्पनाही येऊ नये, अशी ती भूमी आहे. पाणी डोळ्यांस दिसते, पण तेथे उतरावयास वाट नाही; पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर आहे, पण तेथे जाण्यास साधन नाही.

साधन होते ते येथून काही मैल वर, लीज फेरी म्हणजे लीचा तर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी. तेथे कडे बाजूला सरतात आणि दोन्ही बाजूंनी गाड्यांस पाण्यापर्यंत उतरता येते. शेकडो मैलांच्या टापूत अशी सोय दुसरीकडे नव्हती. जॉन डी. ली या मॉर्मन पंथीयाने १८७३ च्या सुमारास तेथे तर सुरू केली. हा ली म्हणजे १८५७ साली युटाहमध्ये झालेल्या प्रवाशांच्या एका भीषण कत्तलीतील आरोपी. १८७७ साली त्यास त्या गुन्ह्याबद्दल देहान्ताची शिक्षा झाली, आणि पुढे काही काळ त्याच्या बायकोने, एमाने, ती तर चालविली. ॲरिझोनातील मॉर्मन वसाहतींतील नवविवाहित जोडपी युटाहमधील सेंट जॉर्ज येथील मंदिरात विवाहाचा धर्मविधी करून घेण्यासाठी याच वाटेने जात, म्हणून त्या वाटेस ‘मधुचंद्राची वाट’ असे गोड नाव पडले. वाट मात्र गोड नव्हती. कोलोरॅडो हे स्पॅनिश नाव नदीच्या तांबूस गढूळ रंगावरून पडलेले. पूर आला की तर बंद, आणि पूर नसतानाही जिवाची शाश्वती नाही.

पूल आणि तर यांना लागणारी जागा परस्परविरुद्ध असते, ही गोष्ट येथे फार स्पष्ट दिसते. तरीला नदीचा काठ सखल व पात्र पसरट लागते. पुलाला काठ उंच, खडक बळकट आणि अंतर कमी लागते. ज्या घळीने इतकी वर्षे प्रवाशांस अडविले, तीच घळ पुलाच्या कमानीस सर्वांत सोयीची ठरली. कमानीचे तत्त्व असे की, वरून येणारा भार ती दोन्ही टोकांकडे लोटून तेथील आधारावर दाबते. सपाट मुलखात हा दाब सोसण्यासाठी दोन्ही बाजूंस प्रचंड बांधकाम करावे लागते. येथे ते काम कड्यांनी आयतेच करून ठेवले होते. दरी जितकी उभी, तितकी ती कमानीस अनुकूल. अडथळ्यालाच आधार बनविण्याची ही युक्ती या पुलाच्या रचनेचा आत्मा होय.

काम जून १९२७ मध्ये सुरू झाले. आराखडा ॲरिझोनाच्या रस्तेखात्यातील राल्फ हॉफमन याचा. पोलादी काम कॅन्सस सिटी येथील एका कंपनीचे. नदीच्या पात्रातून ४६७ फूट उंचीपर्यंत आधाराची पहाडबंदी उभारणे शक्य नव्हते, म्हणून दोन्ही कड्यांवरून अर्धी अर्धी कमान अधांतरी पुढे वाढवीत नेऊन मध्यावर जुळविण्यात आली. पुलाची एकंदर लांबी ८३४ फूट, त्यांपैकी कमानीची झेप ६१६ फूट. रस्त्याची रुंदी अवघी १८ फूट. खर्च सुमारे ३,९०,००० डॉलर. १२ जानेवारी १९२९ रोजी त्यावरून रहदारी सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात समारंभपूर्वक उद्घाटन झाले.

हे आकडे कोणत्याही मार्गदर्शिकेत मिळतात. परंतु त्यांच्यामागे जून १९२८ हा एक महिना आहे, आणि तो ध्यानात घेतल्याखेरीज या पुलाचा अर्थ पुरा लागत नाही. पूल निम्माअधिक उभा असता त्या महिन्यात लीची तर उलटली आणि तीन माणसे बुडाली. पूल आता होणारच आहे, म्हणून तर पुन्हा सुरू करण्यात आली नाही. परिणाम असा की, काही महिने त्या टापूत नदी ओलांडण्याचे एकही साधन उरले नाही. बांधकामाचे सामान चुकीच्या तीरावर येऊन पडले, तर आठशे फुटांवरील दुसऱ्या तीरावर ते नेण्यासाठी मालमोटारीस आठशे मैलांचा वळसा घालावा लागे. त्याच महिन्यात पुलावरील एक कामगार खाली पडून मृत्यू पावला. खाली जाळे बांधता येत नव्हते. कारण तापवून लाल केलेले रिव्हेट हातचे निसटून त्यावर पडले असते, तर जाळ्याने पेट घेतला असता. म्हणजे तरीने शेवटचे बळी घेतले आणि पुलाने पहिला बळी घेतला, तो एकाच महिन्यात. एक युग जाऊन दुसरे आले असे आपण सहज लिहून जातो. ते येताना कसे येते, हे येथे दिसते.

आता रूपाचा विचार करू. संस्कृत साहित्यशास्त्रात क्षेमेंद्राने औचित्य हे काव्याचे जीवित मानले. अलंकार योग्य स्थानी असला तर अलंकार. कमरेचा पट्टा गळ्यात घातला तर ते हसे होते. पुलांच्या बाबतीत हा विवेक नेहमी पाळला गेलेला नाही. १९३२ साली पुरा झालेला सिडनी बंदरावरील पूल घ्या. त्याची पोलादी कमान खरोखर भव्य आहे. पण तिच्या दोन्ही टोकांस दगडी मनोऱ्यांच्या जोड्या उभ्या केल्या आहेत, आणि त्या मनोऱ्यांवर कमानीचा काडीमात्र भार नाही. बघणाऱ्यास कमान सुरक्षित वाटावी एवढ्याचसाठी त्यांची योजना. मनोरे वाईट दिसतात असे आम्ही म्हणत नाही. पण ते खोटे बोलतात. नवाहो पुलाजवळ असे एकही खोटे वाक्य नाही. जेथे भार आहे तेथे पोलाद आहे, जेथे नाही तेथे मोकळे आकाश आहे. कमान टोकांकडे खोल आणि मध्यावर सडपातळ होत जाते, ती कोणाच्या नजरेस सुख व्हावे म्हणून नव्हे, तर भाराचा हिशेब तसा आहे म्हणून. हा मितभाषीपणा काहीसा दारिद्र्यातूनही आलेला असेल. ओसाड मुलखात, शेकडो मैलांवरून सामान आणून बांधणाऱ्यास नक्षीकामाची चैन कोठून परवडणार? परंतु पुष्कळ चांगल्या गद्याचेही मूळ शब्दांच्या काटकसरीतच असते.

येथे ‘जीवनासाठी कला’ म्हणणारा पक्ष म्हणेल की, आमचे म्हणणे सिद्ध झाले. केवळ उपयोगाकडे दृष्टी ठेवून केलेल्या कृतीत सौंदर्य आपोआप उतरले. इतक्या घाईने निकाल देता येणार नाही. कारण या पुलाचा उपयोग चालू होता तोपर्यंत त्याचे सौंदर्य फारसे कोणास दिसतच नव्हते. हा पूल रस्ता माथ्यावर आणि कमान पायाखाली अशा प्रकारचा आहे. त्यावरून जाणाऱ्यास कमान दिसत नाही. शिवाय ताशी चाळीस मैलांच्या वेगाने जाणारी मोटार ८३४ फूट चौदा-पंधरा सेकंदांत ओलांडते. आणि १८ फुटांच्या रस्त्यावर समोरून दुसरी गाडी येत असता चालविणाऱ्याने दरीकडे पाहणे म्हणजे आत्मघातच. सदुसष्ट वर्षे माणसे या पुलावरून गेली. कठडे आणि समोरच्या गाडीचे दिवे यांवाचून त्यांतील किती जणांनी काय पाहिले असेल, हा प्रश्नच आहे. उपयोगाने सौंदर्य निर्माण केले हे खरे. पण त्याच उपयोगाने ते झाकूनही ठेवले. ते दिसावयास पाहणाऱ्याची चाल मंदावणे अवश्य होते, आणि ते १९९५ साली घडून आले.

ते कसे घडले हेही पाहण्यासारखे आहे. गाड्या रुंद झाल्या, जड झाल्या, संख्येने वाढल्या. अठरा फूट पुरेनासे झाले. तेव्हा जुन्या पुलास रुंद करण्याऐवजी शेजारीच नवा बांधावा असे ठरले. मे १९९३ मध्ये काम सुरू होऊन सप्टेंबर १९९५ मध्ये नवा पूल खुला झाला. त्याची लांबी ९०९ फूट, कमानीची झेप ७२६ फूट, रस्त्याची रुंदी ४४ फूट. रूप मात्र तेच : माथ्यावर रस्ता, खाली पोलादी कमान. जुना पूल १९८१ सालीच राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत दाखल झाला होता; त्याच्या शेजारी काही विजोड उभे करू नये, ही जाणीव योजकांस होती हे उघड आहे.

नव्याने जुन्याचे रूप घेतले, ही गोष्ट टीकाकाराच्या दृष्टीने संशयास्पद वाटण्याजोगी आहे. आपल्याकडे पंडित कवींच्या मागून जे अनुकरणकार आले, त्यांनी वृत्ते उचलली, यमके उचलली, आणि काव्य मागे राहिले. तोच प्रकार येथे झाला काय? आमच्या मते नाही. अनुकरण दोन प्रकारचे असते. एकात आधीच्याचे शब्द घेतले जातात. दुसऱ्यात आधीच्यापुढे जो प्रश्न होता तोच प्रश्न पुन्हा आपल्यापुढे मांडून, तो सोडविताना आपण त्याच उत्तरास येऊन पोहोचतो. नव्या पुलापुढेही दरी तीच होती, खडक तेच होते, खालून आधार देण्याची अडचण तीच होती. सहासष्ट वर्षांनंतरही उत्तर कमान हेच आले, यात जुन्या आराखड्याची जी परीक्षा झाली तीहून कठोर परीक्षा दुसरी नाही. तथापि एक उणेही सांगितले पाहिजे. नवा पूल रुंदीने अडीचपटीच्या जवळ गेल्यामुळे त्याच्या अंगी भक्कमपणा आला, पण जुन्याच्या अंगचा तो सडसडीत ताण त्यात उरला नाही. दोघे शेजारी उभे असता नवा बलवान दिसतो आणि जुना देखणा दिसतो. हे विधान कोणाच्याही निंदेसाठी नाही.

परंतु या जोडीचा खरा लाभ निराळाच आहे, आणि तो बहुधा कोणी मुद्दाम योजलेला नसावा. पुलावर उभ्या असलेल्या माणसास आपल्या पायाखालची कमान दिसत नाही, हे वर आलेच आहे. आता जुन्या पुलावर उभा असलेला पादचारी मान वळवून शेजारी पाहतो, तो तेथे नव्या पुलाची कमान सबंधच्या सबंध त्याच्या दृष्टीस पडते : कड्यातून निघालेली, दरीवर वाकलेली, पाठीवर गाड्यांची रांग घेतलेली. आपल्या खालीही अशीच एक कमान आहे आणि तिने हाच भार सदुसष्ट वर्षे वाहिला, हे त्याला कोणी न सांगता कळते. चांगली टीका मूळ ग्रंथाशेजारी ठेवून वाचली असता मूळ अधिक उलगडते. नव्या पुलाने जुन्यावर अशी टीका लिहिली आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

येथे व्यवहारी वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. ज्या पुलावरून मालाची एक गाडीही जात नाही, त्याचे पोलाद गंजू नये म्हणून रंग देत राहणे, कठडे तपासीत राहणे, हा खर्च कशासाठी? पूल म्हणजे काही मूर्ती नव्हे. आक्षेपास आमचे उत्तर असे की, जुन्या पुलाच्या बाबतीत बिनखर्चाचा मार्ग म्हणून कोणताच नसतो. खर्च पैशाने करावयाचा की अन्य कशाने, एवढाच निवाडा करावयाचा असतो. हा निवाडा महाराष्ट्राने एकदा भोगला आहे. महाडजवळ सावित्री नदीवर १९२८ साली, म्हणजे नवाहो पुलाचे काम चालू होते त्याच सुमारास, दगडी कमानींचा पूल बांधला गेला. त्याच्या शेजारीही पुढे नवा पूल झाला. पण जुना निवृत्त झाला नाही, त्यावरून एका दिशेची वाहतूक चालूच राहिली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुराच्या पाण्यात तो कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. दोन्ही पूल एका वयाचे, दोहोंच्या शेजारी नवा जोडीदार; फरक इतकाच की, एकाला वेळेवर हलके काम देण्यात आले आणि दुसऱ्याला देण्यात आले नाही. जुन्या वस्तूविषयीचा आदर म्हणजे केवळ हळवेपणा नव्हे. तिची शक्ती किती उरली आहे हे ओळखणे हाही त्या आदराचाच भाग आहे.

येथपर्यंत आम्ही या पुलाची व त्याला निवृत्त करणाऱ्यांची स्तुतीच केली. आता नावाकडे वळले पाहिजे. कारण परीक्षणाचा कठीण भाग तेथे आहे.

उद्घाटनाच्या वेळी या पुलाचे नाव ‘ग्रँड कॅन्यन पूल’ असे होते. बऱ्याच वादानंतर १९३४ साली ॲरिझोनाच्या विधिमंडळाने ते बदलून ‘नवाहो पूल’ असे केले. नवाहो हे त्या भूमीचे मूळ रहिवासी; पुलाचा पूर्वेकडील काठ त्यांच्या मुलखात मोडतो. ते स्वतःस ‘डिने’ म्हणवितात. १८६४ साली अमेरिकन सैन्याने त्यांना घरेदारे सोडावयास लावून शेकडो मैल दूर हाकीत नेले. १८६८ च्या तहानंतर त्यांना आपल्या भूमीच्या एका भागात परत येता आले. अशा लोकांचे नाव पुलास दिले म्हणजे त्यांचा गौरव झाला, अशी सामान्य वाचकाची समजूत होईल. परंतु १९२५ साली अमेरिकेच्या काँग्रेसने या पुलासाठी जो कायदा केला, त्यात मध्यवर्ती सरकारने द्यावयाचे एक लाख डॉलर नवाहो जमातीच्या निधीतून पुढे फेडून घेतले जावेत, अशी तरतूद होती. पुलाचा मुख्य लाभ मोटारीतून हिंडणाऱ्या प्रवाशांस. नवाहोंस त्याची मागणी नव्हती आणि गरजही अल्प होती. जॉन कोलिअर आदि सुधारकांनी या तरतुदीवर कडाडून टीका केली. तरी कायदा झाला तो झालाच. ज्यांना विचारले नाही, त्यांच्या नावावर कर्ज लिहिले गेले, आणि नऊ वर्षांनी त्यांचे नाव पुलावर लिहिले गेले.

ही गोष्ट कळल्यावर पुलाचे सौंदर्य उणावते काय? केवळ रूप पाहणारा म्हणेल, मुळीच नाही. पोलादाच्या रेषा कर्जरोख्याने वाकड्या होत नाहीत. नीतीचा कैवारी म्हणेल, संपूर्ण उणावते. अन्यायाच्या पैशावर उभी असलेली वस्तू सुंदर म्हणणे हाच अन्याय. आम्हांस दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. कमानीविषयी आम्ही वर म्हटले की, तिच्यात एकही खोटे वाक्य नाही. भार कोठून येतो आणि कोठे जातो, हे ती उघड दाखविते. मग जी कृती आपल्या पोलादाच्या भाराचा हिशेब इतक्या प्रामाणिकपणे मांडते, तिच्या पैशाच्या भाराचा हिशेब मात्र झाकलेला राहणे हे तिच्याच रूपाशी विसंगत आहे. क्षेमेंद्राच्या भाषेत हे अनौचित्य होय. आणि विसंगती हा सौंदर्यातीलच दोष असल्यामुळे, येथे रूपवादी आणि नीतिवादी यांना एकाच जागी येऊन उभे राहावे लागते. नव्या काळात पूर्वेकडील टोकाशी नवाहो कारागीर आपल्या हातचे चांदीचे व रंगीत खड्यांचे दागिने मांडून बसतात आणि पुलावरून चालत आलेले प्रवासी ते विकत घेतात. हा व्यवहार लहान आहे. परंतु मोटारी न थांबता जात होत्या त्या काळच्या मानाने, पायी येणारा निदान समोर उभा राहतो आणि दाम मोजतो, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

पायी चालणाऱ्यास आणखी काय काय दिसते? खाली नदी दिसते, पण ती नावाप्रमाणे तांबडी दिसत नाही. १९६३ साली थोडे वर ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले. गाळ वरच्या जलाशयात अडून राहू लागला आणि तेव्हापासून या घळीतून बहुधा थंड, हिरवट पाणी वाहते. संस्कृतात ‘सेतु’ हा शब्द पूल आणि बांध या दोहोंस लागतो. मूळ धातूचा अर्थ बांधणे. भाषेने एकाच शब्दात ठेवलेले हे दोन अर्थ कोलोरॅडोवर काही मैलांच्या अंतराने समोरासमोर उभे आहेत. एक सेतु दोन तीरांस बांधतो आणि नदीला जशीच्या तशी जाऊ देतो. दुसरा नदीलाच बांधतो. पुलाच्या नम्रतेची किंमत धरणाच्या सान्निध्यात अधिक उमगते.

आणि दैव बरे असेल तर कॉन्डॉर नावाचे महाकाय गिधाड दिसते, ज्याच्या पंखांचा पसारा नऊ फुटांहून अधिक असतो. १९८२ साली या जातीचे अवघे बावीस पक्षी जगात उरले होते. उरलेसुरले सगळे पकडून, पिंजऱ्यात त्यांची वीण वाढवून, १९९६ च्या अखेरीस त्यांतील काही पक्षी या परिसरातील व्हर्मिलियन क्लिफ्स या कड्यांवरून सोडण्यात आले. शिकाऱ्यांनी मारलेल्या जनावरांच्या मांसातून शिशाचे कण पोटात जाऊन आजही ते मरतात. तरी जात टिकून आहे. पुलाच्या पोलादी तुळयांवर येऊन बसणे त्यांना फार आवडते. पक्ष्याने पुलास कड्याचा भाग मानले, हा अभिप्राय कोणत्याही वास्तुविशारदाने हेवा करावा असा आहे. आणि पुलाखाली बसलेले कॉन्डॉर मोटारीतून कोणास दिसले नसते, हेही खरे.

आता एकंदर निकाल. उपयोग संपल्यावर सौंदर्य टिकते काय, हा आमचा मूळ प्रश्न होता. नवाहो पुलाच्या उदाहरणावरून असे दिसते की, प्रश्नाचा पहिला अर्धा भागच चुकीचा आहे : उपयोग संपलेला नाही, बदलला आहे. पूर्वी पूल माणसांना पलीकडे पोहोचवीत असे. आता तो त्यांना मध्यावर थांबवितो आणि दरी, नदी, पोलाद, पक्षी व माणसे यांचा एकमेकांशी असलेला संबंध दाखवितो. हे काम हलके असले तरी कमी दर्जाचे नाही, आणि ते करण्यासाठी पूल जागच्या जागी, नदीवरच असणे अवश्य आहे. त्याचा तुकडा एखाद्या संग्रहालयात ठेवून ते झाले नसते. माळा आणि दिवाणखाना यांवाचून तिसरा मार्ग तो हाच : वृद्धाच्या शक्तीस झेपेल असे, पण खरे काम त्यास देणे.

मात्र दाखविणे हेच ज्याचे काम झाले, त्याने निवडून दाखवू नये. पादचाऱ्यास ८३४ फूट आणि ४६७ फूट हे आकडे सांगावेत, त्यांचा अभिमान वाजवीच आहे. परंतु त्याच ओळीत तरीतून बुडालेली तीन माणसे, पुलावरून पडलेला एक कामगार, आणि नवाहोंच्या नावे लिहिलेले एक लाख डॉलर हे आकडेही सांगितले जावेत. कमान आपला भार दोन्ही काठांवर सारखा टाकते. तिची हकीकत एकाच काठाची सांगून भागणार नाही.